हिरवळीची ऋतुचर्या

आयुर्वेदानें मनुष्यासाठीं ऋतुचर्या सांगितली आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदयां'त तिला स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. कोणत्या ऋतूंत काय सेवन करावें, काय वर्ज्य करावें, शोधन केव्हां करावें, याचा विचार त्यांत केलेला असून त्याच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे; तें म्हणजे देहाचा ऋतूशीं मेळ राखणें. पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेंत, घरापुढील हिरवळीसाठींहि अशीच एक ऋतुचर्या रूढ झालेली आहे. वसंतांत तणनाशक, उन्हाळ्यांत पाणी आणि कीटकनाशक, शरदांत खत आणि बीं, असें तिचें सर्वसाधारण पंचांग असतें. हें पंचांग निसर्गानेंच आंखून दिलें आहे, असा गृहस्थांचा समज असतो. इतिहास मात्र निराळें सांगतो. यांतील कांहीं उपचार गवताच्या प्रकृतीवरून ठरले, हें खरें. परंतु पुष्कळसे उपचार आधींच्या उपचारानें झालेली हानि भरून काढण्यासाठीं जन्मास आले. पहिल्या प्रकारचे कोणते आणि दुसऱ्या प्रकारचे कोणते, हें ओळखावयाचें असेल तर हिरवळीचा इतिहासच पाहिला पाहिजे.

आरंभ गवताच्या प्रकृतीपासून करावा लागतो. बहुतेक झाडांचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. शेंडा खुडला कीं वाढ खुंटते. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळें पातें वरून कापलें तरी तें खालून पुन्हा वाढतें. चरणाऱ्या जनावरांच्या तोंडाखालीं युगानुयुगें टिकून राहतांना गवताच्या अंगीं हा गुण आला. हिरवळ म्हणजे या सहनशीलतेचा मनुष्यानें घेतलेला फायदा होय. गवताला वाढूं द्यावयाचें, पण उंच होऊं द्यावयाचें नाहीं. जगूं द्यावयाचें, पण फुलूं द्यावयाचें नाहीं. जी वस्तु पाहणाराला अगदीं स्वाभाविक वाटते, ती वास्तविक बागेंतील सर्वांत कृत्रिम वस्तु आहे.

हिरवळीवरील उपचारांचें फार जुनें वर्णन युरोपांत तेराव्या शतकांत सांपडतें. आल्बर्टुस माग्नुस या जर्मन पंडितानें इ. स. १२६० च्या सुमारास वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत हिरवळ कशी करावी हें सांगितलें आहे. जागेंतील मुळें खणून काढावीं, जमीन सपाट करावी, राहिलेलीं मुळें व बीजें मरावीं म्हणून तिच्यावर उकळतें पाणी ओतावें, मग कुरणांतून कापून आणलेले गवताचे थर अंथरून ते लांकडी मोगऱ्यांनीं ठोकावे व पायांनीं तुडवावे. म्हणजे कांहीं दिवसांनीं बारीक केसांसारखें गवत वर येतें, असा त्याचा विधि आहे. तणाचा नाश हा उपचार असा सातशें वर्षांहून अधिक जुना आहे. परंतु तो एकदांच, हिरवळ घालण्यापूर्वीं करावयाचा होता. दर वर्षीं करावयाचा तो नव्हता.

पुढें इंग्लंडांत हिरवळीला खरें घर मिळालें. त्या बेटावर उन्हाळा सौम्य, हिवाळाहि फारसा कडक नाहीं आणि पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो. गवताला याहून अनुकूल हवा क्वचितच मिळेल. अठराव्या शतकांत लान्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) या उद्यानकारानें मोठमोठ्या जमीनदारांच्या वाड्यांभोंवतालच्या आंखीव बागा मोडून हिरवें कुरण थेट वाड्याच्या पायरीपर्यंत आणलें. वाड्याजवळचें गवत लांब दांड्याच्या विळ्यांनीं कापीत. ओलें गवत विळ्याला नीट लागतें, म्हणून हें काम पहाटे दंव असतांना चाले. दूरचें गवत मेंढ्या राखीत. मेंढ्या वाड्याजवळ येऊं नयेत, पण कुंपणहि दृष्टीच्या आड येऊं नये, म्हणून मध्यें खोल चर खणून त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी बांधीत. या व्यवस्थेंत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मेंढी गवत कापी आणि लेंडीच्या रूपानें त्याचें सत्त्व तेथेंच परत करी. जमिनीचा जमाखर्च त्यामुळें बराचसा बरोबर राही.

हा जमाखर्च १८३० सालीं बदलण्यास आरंभ झाला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड येथें लोंकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उठलेली लव सारखी कातरण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें यंत्र वापरीत. एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें तीच युक्ति गवताला लावली आणि त्या वर्षीं गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. खेड्यांतील सभ्य गृहस्थांनीं हें यंत्र स्वतः चालविल्यास त्यांना करमणुकीबरोबर व्यायामहि घडेल, असेंहि त्यानें पेटंटांत सुचविलें होतें. आरंभींच्या यंत्रांपैकीं एक लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेंत चाललें. १८४२ सालीं स्कॉटलंडमधील आरब्रोथ येथील अलेक्झांडर शँक्स यानें मोठें यंत्र काढलें. पुढें अशीं यंत्रें घोडीं ओढूं लागलीं, आणि खुरांचे ठसे हिरवळीवर उमटूं नयेत म्हणून घोड्यांना कातडी जोडे घालीत. ज्या गृहस्थाजवळ मेंढ्यांचा कळप नव्हता व विळेकरी नोकरहि नव्हते, त्यालाहि आतां हिरवळ बाळगतां येऊं लागली. परंतु बडिंगच्या यंत्रापुढें एक पेटी होती. कापलेलें गवत तींत पडे आणि तें बागेबाहेर जाई. मेंढी जें परत करीत होती, तें यंत्र घेऊन जाऊं लागलें. हिरवळीला खत देण्याची गरज वाढली, ती येथून.

खत घातल्यानें काय होतें, हें लवकरच प्रयोगानें कळून आलें. हर्टफर्डशायरमधील रॉथॅमस्टेड येथें जॉन बेनेट लॉज यानें १८४२ सालीं सुपरफॉस्फेटचें पेटंट घेतलें होतें. त्यानें व रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यानें १८५६ सालीं तेथल्या सुमारें ७ एकरांच्या जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला निरनिराळें खत देण्यास आरंभ केला. तो प्रयोग अजूनहि चालूं आहे. थोड्याच वर्षांत हे तुकडे एकमेकांपासून इतके भिन्न दिसूं लागले कीं, प्रत्येकांत वेगळें बीं पेरलें असावें असा भास व्हावा. ज्या तुकड्यांना कांहींच दिलें नाहीं, तेथें सुमारें ४० जातींच्या वनस्पति एकत्र नांदतात. ज्यांना अमोनियम सल्फेट भरपूर दिलें व चुना दिला नाहीं, तेथील माती आंबट होऊन दोनतीन जातीच काय त्या उरल्या. आणि ज्यांना स्फुरद व पालाश दिलें पण नत्र दिलें नाहीं, तेथें क्लोव्हरसारख्या द्विदल वनस्पति माजल्या. खत हें केवळ अन्न नव्हे. तें एकाचा पक्ष घेऊन दुसऱ्याला हांकून देणें आहे, असा या कुरणाचा निर्वाळा आहे.

यानंतर हिरवळीचा इतिहास अटलांटिकपार जातो, कारण घरोघरच्या हिरवळीचें वेड खरें वाढलें तें अमेरिकेंत. १८४१ सालीं अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यानें उद्यानरचनेवर ग्रंथ लिहून इंग्रजी धाटणीच्या बागेचा पुरस्कार केला. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट वॉक्स यांनीं १८६९ च्या सुमारास शिकागोजवळील रिव्हरसाइड या उपनगराची आंखणी केली, तेव्हां प्रत्येक घर रस्त्यापासून मागें ठेवून पुढें मोकळी हिरवी जागा सोडली. १८७० सालीं फ्रँक स्कॉट यानें उपनगरांतील गृहस्थांसाठीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत आपल्या बागेची शोभा उंच कुंपण घालून शेजाऱ्यांपासून लपविणें हें धर्मास सोडून आहे, अशा अर्थाचा उपदेश आहे. येथें हिरवळीला नवाच अर्थ आला. ती आतां एका घराची राहिली नाहीं. ओळीनें लागलेल्या सर्व घरांची मिळून एक झाली, आणि जो आपला तुकडा नीट राखणार नाहीं तो शेजारधर्मास चुकला, असें ठरूं लागलें.

पण हवा इंग्लंडची नव्हती. अमेरिकेच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत जमीन गोठते, तर उन्हाळा कडक असतो. ज्याला तेथें केंटकी ब्लूग्रास म्हणतात, तें गवत नांवानें केंटकीचें असलें तरी मूळचें युरोप-आशियांतील थंड प्रदेशाचें. तें वसंतांत व शरदांत जोमानें वाढतें आणि भर उन्हाळ्यांत झोंपी जातें. याउलट क्रॅबग्रास हें वर्षायु तण उष्णतेचें भोक्तें आहे. वसंतांत माती सुमारें १३ अंश सेल्सियसपर्यंत तापली कीं त्याचें बीं रुजूं लागतें आणि ब्लूग्रास मलूल असतांना तें पसरतें. या दोन गवतांच्या दोन निरनिराळ्या ऋतूंवरच उत्तरेकडील पंचांग उभें आहे. उगवणीपूर्वींचें तणनाशक वसंतांत घालावयाचें, तें क्रॅबग्रासचें बीं रुजण्याच्या आधीं. खत, पुनःपेरणी आणि मातीला छिद्रें पाडणें हीं कामें शरदाच्या आरंभीं करावयाचीं, तीं ब्लूग्रास पुन्हा जागें होत असतें म्हणून. गोल्फच्या मैदानांसाठीं १९२० सालीं अमेरिकन गोल्फ संघानें सरकारी शेतकी खात्याच्या सहकार्यानें गवताच्या अभ्यासाची शाखा काढली, आणि तेथें मिळालेलें ज्ञान हळूहळू घरगुती बागांपर्यंत झिरपत आलें.

दक्षिणेकडील उष्ण प्रांतांत हेंच पंचांग उलटें होतें. तेथील मुख्य गवताला अमेरिकन लोक बर्म्युडा ग्रास म्हणतात. तें उन्हाळ्यांत वाढतें व थंडी पडली कीं पिंगट होऊन निजतें. म्हणून त्याला खत उन्हाळ्यांत. एकाच महिन्यांत उत्तरेच्या हिरवळीला लंघन आणि दक्षिणेच्या हिरवळीला मेजवानी, असा हा प्रकार आहे. हें बर्म्युडा ग्रास म्हणजे महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची हरळी, अर्थात् गणपतीला वाहावयाची दूर्वा होय. जॉर्जिया संस्थानांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानें तिचा आफ्रिकेंतील दुसऱ्या एका जातीशीं संकर करून १९५६ सालीं 'टिफग्रीन' व १९६० सालीं 'टिफवे' हे प्रकार तयार केले. ते पुढें जगभरच्या खेळाच्या मैदानांवर पसरले.

येथवर सांगितलेली ऋतुचर्या गवताच्या प्रकृतीला धरून होती. दुसरें महायुद्ध संपतांच तिच्यांत जी भर पडली, ती मात्र निराळ्या जातीची आहे. युद्धकाळांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत स्वतंत्रपणें एका रसायनाचा शोध लागला. त्याचें नांव २,४-डी. वनस्पतींच्या वाढीला कारण होणाऱ्या द्रव्याचें तें अनुकरण करतें. रुंद पानांच्या वनस्पति त्यानें वेड्यावांकड्या वाढून मरतात, आणि गवताला मात्र विशेष इजा होत नाहीं. १९४५ सालीं तें बाजारांत आलें. पिवळ्या फुलांचा डँडेलियन आजवर सुरीनें एकेक उपटावा लागत असे. तो आतां एका फवाऱ्यानें नाहींसा होऊं लागला. परंतु त्याच फवाऱ्यानें पांढरें क्लोव्हरहि मेलें.

क्लोव्हर मेल्यानें काय गेलें, हें पाहण्यासारखें आहे. मेथी व लसूणघास यांच्याच कुळांतील ही तीन पानांची वनस्पति. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात. युद्धापूर्वीं अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या हिरवळीच्या बियाण्यांत क्लोव्हरचें बीं मिसळलेलें असे, आणि तें असणें हें चांगल्या हिरवळीचें लक्षण मानीत. गवताच्या पोटापाण्याची सोय तें फुकट करीत होतें. रसायन जेव्हां क्लोव्हरला वगळूं शकेना, तेव्हां क्लोव्हरचीच गणना तणांत होऊं लागली. अन्नदाता असा गेल्यावर अन्न पिशवींतून आणणें प्राप्त झालें. नत्र भरपूर मिळाल्यानें गवत लुसलुशीत व वेगानें वाढूं लागलें. तें वारंवार कापावें लागे, त्याला पाणी अधिक लागे, आणि उन्हाळ्यांत अशा कोंवळ्या गवतावर बुरशीचे रोग लवकर पडत. मग बुरशीचें औषध आलें. एका उपचारानें दुसऱ्याला बोलावणें पाठविलें, दुसऱ्यानें तिसऱ्याला. औषध विकणाराच्या दृष्टीनें ही व्यवस्था सोयीची होती, यांत शंका नाहीं.

याच सुमारास हिरवळ सामान्य नोकरदाराच्या दारांत आली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ सालापासून लेव्हिटटाउन ही वसाहत उठली. कांहीं वर्षांतच तेथें १७,००० हून अधिक एकसारखीं घरें झालीं. प्रत्येकापुढें तयार हिरवळ होती, आणि ती ठराविक वेळीं कापण्याचें बंधन घरमालकांवर घातलेलें होतें. युद्धावरून परतलेल्या तरुणानें घर घेतलें, त्याबरोबर हें व्रतहि घेतलें.

किडीच्या बाबतींतहि असेंच घडलें. जपानांतून आलेला एक भुंगेरा १९१६ सालीं न्यू जर्सींत प्रथम आढळला. त्याच्या अळ्या आपल्याकडील उसाच्या हुमणीप्रमाणें जमिनींत राहून गवताचीं मुळें खातात. त्यांवर प्रथम शिशाचें आर्सेनेट आणि युद्धानंतर डीडीटी व क्लोर्डेन हीं विषें मातींत घालण्यांत येऊं लागलीं. १९६२ सालीं रेचेल कार्सन या विदुषीचें 'सायलेंट स्प्रिंग' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारांतील एल्म झाडांवर डीडीटी फवारलें, झाडांचीं पानें गळून पडलीं, गांडुळांनीं तीं खाल्लीं, आणि वसंतांत गांडुळें वेंचणारे रॉबिन पक्षी हिरवळीवर तडफडून मेले, ही साखळी त्यांनीं वाचकांपुढें मांडली. क्रॅबग्रासच्या धास्तीनें उपनगरांतले लोक दारांत विषें पसरीत आहेत, याकडेहि त्यांनीं बोट दाखविलें. जेथें मुलें अनवाणी लोळत तेंच हें अंगण होतें, म्हणून हा प्रश्न केवळ पक्ष्यांचा राहिला नाहीं. अमेरिकेंत डीडीटीवर १९७२ सालीं बंदी आली. क्लोर्डेनचा वाळवीखेरीज इतर उपयोग १९८३ सालीं व सर्वच उपयोग १९८८ सालीं बंद झाला. २,४-डी मात्र अद्याप विकलें जातें. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें तें 'कर्करोगास कारण होण्याचा संभव' असलेल्या वर्गांत घातलें. मनुष्याविषयींचा पुरावा अपुरा आहे, हेंहि त्याच संस्थेनें नमूद केलें.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या ऋतुचर्येंत कायद्यानेंहि हात घातला. कॅनडांतील हडसन या छोट्या गांवानें १९९१ सालीं केवळ शोभेसाठीं विषें फवारण्यास मनाई केली. फवारणीच्या कंपन्या न्यायालयांत गेल्या, पण २००१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गांवाचा अधिकार मान्य केला. २००९ सालीं ऑन्टॅरिओ प्रांतानें सबंध प्रांतासाठीं तसाच नियम केला. हिरवळीवरचें स्फुरद पावसाबरोबर तळ्यांत वाहून जातें व तेथें शेवाळ माजतें, म्हणून मिनेसोटा राज्यानें २००५ सालापासून जुन्या हिरवळींना मातीच्या परीक्षेशिवाय स्फुरद देण्याची बंदी केली. नेव्हाडांत तर प्रश्न पाण्याचाच आहे. लास व्हेगासच्या वाळवंटांत केवळ दिसण्यासाठीं राखलेल्या सार्वजनिक व व्यापारी जागांतील हिरवळीला कोलोरॅडो नदीचें पाणी २०२६ सालानंतर देतां येऊं नये, असा कायदा त्या राज्यानें २०२१ सालीं केला. या पसाऱ्याचा आकारहि ध्यानांत घेतला पाहिजे. उपग्रहाच्या साहाय्यानें २००५ सालीं केलेल्या एका अंदाजाप्रमाणें अमेरिकेंतील हिरवळीचें क्षेत्र सुमारें १,६३,८०० चौरस किलोमीटर होतें. महाराष्ट्राचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सबंध महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भूमि, आणि तिच्यावर धान्याचा एक दाणाहि पिकत नाहीं.

मग हिरवळ राखूंच नये काय? तसा निष्कर्ष इतिहासांतून निघत नाहीं. मुलांना खेळावयास आणि वृद्धांना सायंकाळीं बसावयास हिरवळीसारखें आसन दुसरें नाहीं. निघतो तो एवढाच कीं, जे उपचार गवताच्या प्रकृतींतून आले ते टिकले, आणि जे उपचारांतून उपचार म्हणून जन्मले ते एकामागून एक संशयास पात्र झाले. आज शेतकी विद्यापीठें गृहस्थाला जो उपदेश करतात, तो पाहिला तर त्यांत नवें फार थोडें आहे. पात्याचा एकतृतीयांशाहून अधिक भाग एका वेळीं कापूं नये. उन्हाळ्यांत गवत तीन इंचांपर्यंत उंच ठेवावें. उंच पात्याखालीं मूळ खोल जातें आणि सावलींत तणाचें बीं रुजत नाहीं. पाणी रोज शिंपडण्यापेक्षां क्वचित् पण भरपूर द्यावें. खत तें ज्या ऋतूंत वाढतें त्याच ऋतूंत द्यावें. कापलेलें गवत तेथेंच पडूं द्यावें. त्यानें नत्राच्या वार्षिक गरजेचा सुमारें पाव भाग भागतो. आणि थोडें क्लोव्हर दिसलें तर तें राहूं द्यावें. बडिंगच्या पेटीनें जें नेलें होतें, तेंच या उपदेशानें जमिनीला परत मिळतें. दीडशें-दोनशें वर्षांच्या फेऱ्यानंतर गृहस्थ पुन्हा मेंढीच्याच हिशोबाशीं येऊन पोंचला, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

हरळीची गोष्ट या दृष्टीनें बोधप्रद आहे. कपाशीच्या वा ज्वारीच्या शेतांत ती शिरली, तर शेतकरी कपाळाला हात लावतो. कारण खणून काढलेल्या मुळाचा एक कांडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. भाद्रपदांत तीच हरळी दूर्वा होऊन एकवीस-एकवीसच्या जुडीनें देवाच्या मस्तकावर चढते. आणि टिफ्टनच्या संशोधकानें तिलाच मैदानाचें भूषण केलें. वनस्पति बदलली नाहीं; जागा व दृष्टि बदलली. तण म्हणजे काय, याची व्याख्या निसर्गाच्या पुस्तकांत नाहीं. ती मनुष्यानें केलेली आहे, आणि क्लोव्हरच्या बाबतींत ती एका रसायनाच्या सोयीसाठीं केलेली होती. जें पथ्यानें बरें होतें त्याला औषध देऊं नये, ही जुन्या वैद्यांची शिकवण मनुष्यदेहाप्रमाणें घरापुढील गवतालाहि लागूं पडते.